पडद्यावर सगळं दिसतंय, मग हुकूम कोणाचा? नेटवर्क युद्ध आणि फौजी संस्कृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर आकाशतीर (सेनेची हवाई संरक्षणाची संगणक यंत्रणा), ड्रोन, थिएटर कमांड (एका भागातल्या तिन्ही दलांचा एकच प्रमुख) हे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले. यंत्रांची माहिती आता कुठेही मिळते. या पानावर भर आहे तो यंत्रांपुढे बसलेल्या माणसांवर: कोणाला कळतं, कोण ठरवतं आणि फसलं तर कोणाच्या अंगावर येतं.

नेटवर्क युद्ध म्हणजे नेमकं काय?

पूर्वी ज्याला शत्रू दिसायचा, बहुधा त्याच्याच दलाची तोफ त्या शत्रूवर चालायची. दुसऱ्या दलाची मदत हवी असेल तर निरोप आधी वर जायचा, मग आडवा, मग खाली. आता ठाण्यातल्या जवानाने, ड्रोनने किंवा रडारने पाहिलेलं एकाच चित्रात गोळा होतं आणि ज्याच्याकडे योग्य हत्यार आहे त्याला काही सेकंदांत दिसतं, मग तो नौदलाचा असो की हवाई दलाचा. ही कल्पना अमेरिकी नौदलाचे व्हाइस ॲडमिरल आर्थर सेब्रोव्स्की आणि जॉन गार्स्टका यांनी १९९८ साली ठळकपणे मांडली. गंमत म्हणजे त्यांनी दाखला दिला होता वॉलमार्टचा: गल्ल्यावर वस्तू विकली गेली की माल पुरवणाऱ्याला लगेच कळतं, मधल्या साहेबाच्या सहीसाठी काही अडत नाही. फौजेतला मधला साहेब इतक्या सहज बाजूला होत नाही. पुढचे बहुतेक प्रश्न त्याच्याभोवतीच फिरतात.

यंत्रणा उत्तम असेल तर संस्कृतीचा मुद्दा येतोच कुठे?

३ जुलै १९८८ ला इराणच्या आखातात काय झालं ते पाहा. ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर एजिस बसवलेली होती, त्या काळातली सर्वांत पुढारलेली लढाऊ संगणक यंत्रणा. नौकेची इराणी बोटींशी चकमक चालू असताना बंदर अब्बासहून दुबईला जाणारं इराण एअरचं प्रवासी विमान उडालं. ते सतत वर चढत होतं. एजिसच्या नोंदींतही ते चढतानाच दिसतं. पण नियंत्रण कक्षातली माणसं एकमेकांना सांगत राहिली की ते खाली येतंय, आपल्यावर येतंय. सुरुवातीलाच कोणीतरी ‘एफ-१४’, म्हणजे इराणकडे असलेलं लढाऊ विमान, असं म्हटलं होतं आणि त्यानंतर जो तो आपल्या पडद्यावर एफ-१४ शोधू लागला. एका अधिकाऱ्याने ‘प्रवासी विमान असू शकतं’ असं बोलूनही दाखवलं. कॅप्टनने ऐकल्याची खूण म्हणून हात वर केला, आणि काम होतं तसंच पुढे चालू राहिलं. क्षेपणास्त्रं सुटली, २९० माणसं गेली.

जवळच ‘साइड्स’ ही दुसरी अमेरिकी नौका होती. तिच्या कॅप्टनने तेच विमान पाहिलं आणि त्यापासून धोका नाही असं ठरवलं होतं. म्हणजे माहिती एका नौकेवर बरोबर वाचली गेली, दुसरीवर चुकीची. ज्या कक्षात ‘थांबा, उंची पुन्हा पाहा’ असं कनिष्ठाला तीनदा ओरडून सांगता येत नाही, तिथे यंत्रणा कितीही पुढारलेली असली तरी तिचा उपयोग होत नाही.

नेटवर्क असताना आपलंच विमान आपण कसं पाडतो?

दलांच्या सीमारेषेवर. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकी सेनेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण मेले. दिवस स्वच्छ होता, वर अवॅक्स, म्हणजे रडार वाहून नेणारं टेहळणी विमान, घिरट्या घालत होतं आणि त्यातल्या नियंत्रकांना हेलिकॉप्टरं आधी दिसलेलीही होती. पण हेलिकॉप्टरं एका फ्रीक्वेन्सीवर बोलत होती, लढाऊ विमानं दुसऱ्या. ओळख पटवणारा कोड हेलिकॉप्टरांनी त्या क्षेत्रात वेगळा लावायला हवा होता. तो बदल त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. सेनेची हेलिकॉप्टरं हवाई दलाच्या हिशेबात कधी नीट धरलीच जात नसत. जवळपास तीन वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं, म्हणून कोणाला खटकलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण बडगामचं. २७ फेब्रुवारी २०१९ ला सकाळी पाकिस्तानी विमानांशी आकाशात झटापट चालू असताना श्रीनगरच्या हवाई संरक्षणाने आपलंच मि-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. इथे तर दलही एकच होतं. माझ्या मते ती जाहीर कबुली महत्त्वाची. आपल्या फौजेत चुका दडपल्या जात नाहीत असं म्हणणारे आणि सगळ्याच दडपल्या जातात असं म्हणणारे, दोघांनीही ती लक्षात ठेवावी.

वरिष्ठांना सगळं थेट दिसू लागलं, हे चांगलंच ना?

थोडं चांगलं, बरंच धोक्याचं. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरमुळे अमेरिकी अधिकाऱ्यांना पहिल्यांदा लढाई वरून बघण्याची सोय झाली. खाली झाडीत अडकलेल्या कंपनी कमांडरच्या डोक्यावर बटालियन कमांडर, त्याच्या वर ब्रिगेडचा, कधी त्याच्याही वर डिव्हिजनचा, असे थर लागायचे आणि प्रत्येक जण वायरलेसवरून त्या एकाच माणसाला सूचना द्यायचा. २००६ च्या लेबनॉन युद्धानंतर इस्रायलमध्येच टीका झाली की कमांडर पुढे जाण्याऐवजी मागे पडद्यांसमोर बसून राहिले. आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये ड्रोनचं थेट चित्र तळघरातल्या पडद्यावर येतं, तेव्हा बटालियनचा अधिकारी एकेका जवानाला ‘डावीकडच्या खंदकात उतर’ असं सांगू शकतो. कधीकधी त्या सांगण्यानेच जीव वाचतो, हेही खरं.

अडचण अशी की पडद्यावर छप्पर दिसतं, छपराखाली काय आहे ते दिसत नाही. जवान थकलाय का, त्याची गोळी संपत आलीय का, शेजारचा सोबती आत्ताच पडलाय का, हे वायरलेसवरच्या आवाजावरून ओळखावं लागतं. शिवाय कर्नल हवालदाराचं काम करू लागला की कर्नलचं काम उघड्यावर पडतं. राखीव तुकडी कधी सोडायची, दारूगोळा रात्री कुठून आणायचा, जखमींना कोणत्या वाटेने काढायचं, याचा विचार करायला कोणीच उरत नाही.

उलट बाजूही आहे. २००३ मध्ये बगदादकडे निघालेल्या अमेरिकी फौजेत वरच्या मुख्यालयांकडे माहितीचा पूर होता. पण युफ्रेटिसवरचा एक कळीचा पूल घेतलेल्या रणगाडा बटालियनला समोरून किती मोठं सैन्य येतंय ते शत्रू पुढ्यात उभा ठाकेपर्यंत कळलं नाही. धावत्या वाहनांपर्यंत माहिती पोहोचत नव्हती. वरच्याला सगळं आणि पुढच्याला काहीच नाही, असं ते जाळं होतं.

‘मिशन कमांड’ म्हणजे काय? मराठीत साधं सांगाल का?

काय साधायचं आणि का, ते वरिष्ठाने सांगायचं. कसं, ते जागेवरच्याने ठरवायचं. आदेशाचा फरक असा दिसतो:

जुना साचा: ‘कंपनी पहाटे चारला निघेल, नाल्याच्या डाव्या काठाने जाईल, साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी पोहोचेल, सहाला चढाई करेल.’

हेतू सांगणारा साचा: ‘सकाळी आठला ब्रिगेडचे ट्रक या पुलावरून जाणार आहेत. तोवर त्या टेकडीवरून पुलावर फायर येणं बंद झालं पाहिजे. टेकडी घ्या, नाहीतर टेकडीवरच्यांना मान वर काढू देऊ नका. ते तुमच्यावर.’

पहिल्या आदेशात नाल्याला पूर आला की कंपनी कमांडर वायरलेस हातात धरून बसतो. दुसऱ्यात तो दुसरी वाट धरतो.

ही पद्धत जर्मनांची. १८०६ मध्ये येना आणि आउअरश्टेटला नेपोलियनच्या फौजेने प्रशियाची, म्हणजे त्या काळातल्या मोठ्या जर्मन राज्याची, नावाजलेली, कवायतीत पक्की फौज एका दिवसात मोडली. त्या पराभवानंतर शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ या प्रशियन सेनानींनी अधिकाऱ्यांचं शिक्षणच बदलायला घेतलं आणि पुढे सरसेनानी मोल्टके यांच्या काळात ही पद्धत मुरली. म्हणजे दोन पिढ्या लागल्या. वर्षभराच्या कार्यशाळेत मिशन कमांड आणू पाहणाऱ्यांनी हा काळ विसरू नये. आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या फौजेच्या पुस्तकात हे तत्त्व असतं. सरावात वरिष्ठ अंपायर शेजारी येऊन उभा राहिला की पुस्तक मिटतं.

एखाद्या फौजेने हे खरंच करून दाखवलं आहे का?

सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उदाहरण इराकमधल्या अमेरिकी विशेष दलांचं, जनरल स्टॅनली मॅकक्रिस्टल यांच्या हाताखालचं. २००३ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा धाड घालणारी पथकं जगात अव्वल होती, पण घरातून जप्त केलेले कागद आणि फोन पोत्यांत पडून राहायचे. ते तपासणारे वेगळ्या संस्थेचे, वेगळ्या इमारतीत. अल कायदा तोवर पुढच्या घरात.

मॅकक्रिस्टल यांनी इराकमधल्या बलद तळावर भिंती पाडून एकच मोठा कक्ष केला. रोज सुमारे दीड तासाची व्हिडिओ बैठक सुरू केली आणि ती हळूहळू हजारो लोकांना खुली केली. दुसऱ्या संस्थांकडे संपर्क अधिकारी म्हणून आपली उत्तमातली उत्तम माणसं पाठवली. नकोसा झालेला माणूस तिकडे ढकलायचा, ही सगळीकडची रीत त्यांनी मोडली. माझ्या दृष्टीने सगळ्या बदलांतला हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कामाचा. ऑगस्ट २००४ मध्ये महिन्याला १८ धाडी होत होत्या, दोन वर्षांनी ३००. इतक्या धाडींना जनरल स्वतः परवानगी देऊच शकत नाही. निर्णय खाली सोडावेच लागतात.

पण वेग म्हणजे विजय नव्हे. जून २००६ मध्ये इराकमधल्या अल कायदाचा म्होरक्या झरकावी मारला गेला, आणि त्याच्याच संघटनेतून पुढे इस्लामिक स्टेट उभी राहिली.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याचा या विषयाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अस्वस्थ करणारा आहे. त्या रात्री ‘नेटवर्क’ हल्लेखोरांकडे होतं. पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघत होते आणि इंटरनेट फोनवरून ताजमधल्या, ओबेरॉयमधल्या, नरिमन हाउसमधल्या पोरांना क्षणाक्षणाला काय करायचं ते सांगत होते. हे संवाद पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले, म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांना त्या प्रक्षेपणाबद्दल खडे बोल सुनावले.

आपल्या बाजूला मुंबई पोलीस, नौदलाचे मार्कोस कमांडो, सेना आणि हरियाणातल्या मानेसरहून निघून सकाळी पोहोचलेले एनएसजी कमांडो होते. प्रत्येकाचं शौर्य निर्विवाद, पण प्रत्येकाचा हुकूम वेगळ्या टेबलावरून. हॉटेलचा नकाशा, अडकलेल्यांची यादी, कोणत्या मजल्यावर शेवटचा गोळीबार झाला, हे सगळं कुठेतरी कोणालातरी माहीत होतं. २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचा तळ झाला, त्यामुळे अंतर कमी झालं. टेबलं किती कमी झाली, ते पुढच्या प्रसंगीच कळणार. तो प्रसंग न येवो.

भारतात तिन्ही दलं एकत्र यायला इतका वेळ का लागतोय?

कारगिलपासून सुरुवात करू. मे १९९९ मध्ये सेनेला सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. हवाई दलाचं म्हणणं होतं की ती त्या उंचीवर चालणार नाहीत आणि हवाई बळ वापरायला सरकारची परवानगी लागते. हवाई हल्ले सुरू व्हायला २६ मे उजाडला. २८ ला तोलोलिंगजवळ एक मि-१७ पाडलं गेलं आणि हल्ल्याच्या कामातून ती हेलिकॉप्टरं काढून घ्यावी लागली. दोन्ही दलांचा मुद्दा आपापल्या जागी रास्त होता. तो मुद्दा युद्ध सुरू होण्याआधी एका टेबलावर सोडवणारं कोणी नव्हतं.

त्यानंतरच्या शिफारशींतून २००१ मध्ये अंदमान-निकोबारची पहिली संयुक्त कमांड झाली. संरक्षण दलप्रमुखपद यायला मात्र १ जानेवारी २०२० उजाडला आणि जनरल बिपिन रावत पहिले झाले. आजही सेनेच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३ अशा १७ कमांड आपापल्या दलाच्या आहेत. त्यांची मुख्यालयंसुद्धा बहुतेक वेगवेगळ्या गावांत.

हवाई दलाचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वॉड्रनपेक्षा (तुकड्यांपेक्षा) कितीतरी कमी हाताशी असताना ती थिएटरांत वाटून टाकली तर पश्चिमेची विमानं गरज पडेल तेव्हा पूर्वेला कशी येणार, हा त्यांचा प्रश्न. त्याच वेळी त्यांच्याच एकात्मिक हवाई नियंत्रण यंत्रणेला सेनेची आकाशतीर जोडली गेली आणि सिंदूरच्या वेळी दोन्ही मिळून चालल्या. म्हणजे तारा जुळल्या, पदं जुळायची आहेत.

शिस्तीच्या कायद्याचा यात काय संबंध?

फार रुक्ष वाटतो, पण थेट आहे. सेनेला १९५० चा कायदा, हवाई दलाला १९५० चाच पण वेगळा, नौदलाला १९५७ चा. संयुक्त मुख्यालयात एखाद्या नौसैनिकाने आगळीक केली तर तिथल्या सेनाधिकाऱ्याला त्याच्यावर कारवाई करता येत नसे; त्याला परत त्याच्या दलाकडे पाठवावं लागे. ज्याला शिक्षा करता येत नाही त्याचा हुकूम किती वजनाचा, हे कोणत्याही सुभेदार मेजरला विचारा. २०२३ चा आंतर-सेवा संघटनांचा कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला आणि ही अडचण सुटली. वर्तमानपत्रांत त्याला दोन कॉलमही मिळाले नाहीत.

कनिष्ठांना मोकळीक दिली तर शिस्त बिघडणार नाही का?

नाही. उलट मोकळीक त्यालाच देता येते ज्याची शिस्त पक्की आहे. आपल्या पलटणींत जेसीओ (सुभेदार दर्जाचे अधिकारी) आणि अनुभवी हवालदार हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तरुण लेफ्टनंटला ‘साब, इधर से नहीं’ असं हळूच सांगणारा सुभेदार कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जुना आहे.

मग अडतं कुठे?

वार्षिक गोपनीय अहवालात, म्हणजे एसीआरमध्ये. वर जाताना जागा झपाट्याने कमी होतात आणि कर्नलपासून पुढे प्रत्येक पायरीवर निवड असते. एका वाईट शेऱ्याने माणूस मागे पडतो. अशा वेळी शहाणा अधिकारी काय करील? वरून विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, आणि वरचाही आपल्या एसीआरसाठी खालच्याला मोकळं सोडणार नाही. नेटवर्कमुळे विचारणं सोपं झालं, म्हणून विचारणं वाढलं. ‘पुढाकार घ्या’ असं भाषणात सांगायचं आणि पुढाकार फसला की तोच शेरा लिहायचा, हे जोवर चालेल तोवर नवीन संचांनी फरक पडणार नाही. निष्काळजीपणाने झालेली चूक आणि हिशेब करून पत्करलेला धोका फसणं, या दोन्हींना अहवालात वेगळा रकाना हवा, असं माझं मत.

मराठ्यांचा गनिमी कावा म्हणजे हेच होतं का?

हा प्रश्न येणारच होता. लहान तुकड्या, मुलूख ओळखीचा, सरदाराला जागेवर ठरवण्याची मुभा, इतपत साम्य आहे. पण आजच्या जाळ्याची ओळख म्हणजे दूरवरच्यांना एकाच वेळी एकच चित्र दिसणं, आणि ते तेव्हा शक्यच नव्हतं. पानिपताआधी अब्दालीने यमुना ओलांडून भाऊसाहेबांची दिल्लीची वाट तोडली. त्यानंतर पुण्याहून निघालेल्या नानासाहेबांना पुढची खबर वेळेवर मिळेना. त्यातून शिकायचं असेल तर जाळं तुटल्यावर काय होतं ते शिका.

शत्रूने नेटवर्कच बंद पाडलं तर?

पाडणारच. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन आक्रमणाच्या पहाटेच युक्रेन वापरत असलेल्या व्हायासॅट उपग्रह सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने ठप्प झाले. स्टारलिंक ही दुसरी उपग्रह इंटरनेट सेवा त्यानंतर काही दिवसांत आली. जाळं उघडं पाडतं तेही तितकंच घातक: १ जानेवारी २०२३ ला युक्रेनमधल्या, पण रशियाच्या ताब्यातल्या मकिइव्का इथे रशियन जवानांच्या मुक्कामावर रॉकेटं पडली, ८९ मेल्याचं खुद्द रशियाने सांगितलं आणि दोष दिला जवानांच्या मोबाइल वापराला. दारूगोळा त्याच इमारतीजवळ साठवणाऱ्या अधिकाऱ्याचा दोष किती, हे रशियातच अनेकांनी विचारलं.

२००२ मध्ये अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा युद्धसराव घेतला. शत्रूची भूमिका होती निवृत्त मरीन लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे. त्यांनी रेडिओ बंद ठेवून मोटरसायकलस्वारांकरवी निरोप पाठवले आणि अचानक हल्ला करून सरावात विमानवाहू नौकेसह १६ जहाजं बुडवली. आयोजकांनी काय केलं? जहाजं पुन्हा तरंगती केली आणि सराव पुढे चालू केला. नेटवर्कवर इतका विश्वास की पुरावा समोर असूनही पचला नाही.

अमेरिकेच्या नौदल अकादमीने मात्र २०१५ मध्ये ताऱ्यांवरून दिशा काढणं पुन्हा शिकवायला घेतलं.

एआय आल्यावर कमांडर लागणारच नाही?

लागेल. लक्ष्य सुचवणं यंत्राला जमतं आणि वेगात जमतं. त्या सूचनेवर सही करणाऱ्याला कोर्टासमोर उभं राहावं लागतं. चाळीस सूचना मिनिटाला येऊ लागल्या की सही हा निव्वळ उपचार होतो, काळजी तिथे आहे.

खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट एकत्रच शिकतात, मग एकी का होत नाही?

एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) ही जगातली या प्रकारची जुनी संस्था; १९४९ मध्ये डेहराडूनला सुरू झाली, १९५५ पासून खडकवासल्याला आहे. तीन वर्षं एकाच स्क्वॉड्रनमध्ये रगडा खाल्लेले पोरगे पुढे सेनेच्या डेहराडून, नौदलाच्या एळिमला आणि हवाई दलाच्या दुंडिगल अशा तीन वाटांनी जातात. त्यानंतर बहुतेकांची गाठ पडते ती कित्येक वर्षांनी तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात, तोवर प्रत्येकाची भाषा, फॉर्म, अगदी नकाशावर खुणा करायची सवयही आपापल्या दलाची झालेली असते.

तरीही कोर्समेट, म्हणजे एनडीएत बरोबर शिकलेला सोबती, ही चीज भारी आहे. अधिकृत मार्गाने तीन दिवस लागणारं काम दुसऱ्या दलातल्या कोर्समेटला एक फोन केल्यावर संध्याकाळपर्यंत होतं, हे कोणताही अधिकारी हसत मान्य करील. पण पोस्टिंग दोन-तीन वर्षांत बदलतं, आणि त्या खुर्चीत दर वेळी आपला कोर्समेट असेलच असं नाही.